मयूरासन राहून गेले

आम्ही दोघींनी एकाच शाळेत तीस वर्षे शिकवले. एकीने इतिहास, दुसरीने गणित. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की आम्ही अजून 'इतिहासाच्या बाई' आणि 'गणिताच्या बाई'च असतो. म्हणून या लेखातही तीच नावे ठेवतो.

गणिताच्या बाईंचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत म्युनिकला असतो. "अम्मी, खालाजानला घेऊन ये," असे तो कधीपासून म्हणत होता. गेल्या मे महिन्याच्या शेवटी तो योग आला. मुक्काम आठ दिवसांचा, त्यात फिरायला चार दिवस. मुलगा आणि सून दोघेही कामावर जाणारे, त्यामुळे फिरायचे ते आमचे आम्हालाच. त्याने गाड्यांच्या वेळा, हलाल जेवणाची ठिकाणे, नमाजच्या वेळा असे सारे एका वहीत लिहून दिले. शेवटी एक सूचना होती : "चुकलात तर आहात तिथेच थांबा, इकडे तिकडे जाऊ नका." तीस वर्षे शाळेच्या सहलीत आम्ही मुलांना हेच सांगत आलो होतो!

म्युनिक ही बव्हेरिया राज्याची राजधानी. पहिल्या दिवशी शहराच्या मधोमध असलेल्या मारीनप्लात्झ चौकात गेलो. तिथल्या नगरपालिकेच्या उंच मनोऱ्यात एक नवलाचे घड्याळ आहे. अकरा वाजले की घंटा वाजू लागतात आणि बत्तीस पुतळे फिरू लागतात. वरच्या मजल्यावर 1568 मधल्या एका राजघराण्यातील लग्नाचा देखावा आहे. त्यात दोन घोडेस्वार भाले घेऊन एकमेकांवर चालून जातात आणि बव्हेरियाचा स्वार दुसऱ्याला पाडतो. सारा चौक माना वर करून पाहत असतो. "रोज हाच जिंकतो, म्हणजे पेपर आधीच फुटलेला आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या.

रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेकडच्या रस्त्यांवर तुर्की आणि अरब दुकाने ओळीने आहेत. तिथे मसुराच्या डाळीचे गरम सूप आणि ताजी रोटी मिळाली, आणि घरी जेवल्यासारखे वाटले. इथला प्रसिद्ध ब्रेत्झेल, म्हणजे खारट, गाठ मारल्यासारखा पाव, आम्ही आधी विचारून घेत होतो, कारण काही ठिकाणी त्यात डुकराची चरबी घालतात. विचारल्याचा कोणाला राग येत नसे. बेकरीतली म्हातारी बाई आम्हाला पाहताच म्हणाली, "ग्रुस गॉट." बव्हेरियात भेटल्यावर हेच म्हणतात. अर्थ साधारण असा की खुदा तुम्हाला सलामत ठेवो. इतक्या लांब येऊन सलामासारखेच काही कानावर पडले, याचे बरे वाटले.

त्या दिवसांत मगरिब रात्री नऊच्या सुमारास होते आणि फजर फार लवकर. रात्र म्हणजे एक डुलकी. पण फिरण्याच्या उत्साहात झोप कमी पडल्याचे जाणवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी नॉयश्वानस्टाइनला गेलो. कॅलेंडरवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर डोंगरमाथ्यावरचा पांढरा किल्ला पाहिला असेल, तर तो बहुधा हाच. मुलाने 'बायर्न तिकीट' काढून दिले होते. एकाच तिकिटावर दिवसभर राज्यातल्या साध्या गाड्यांनी कितीही फिरता येते, मात्र वेगवान गाड्यांना ते चालत नाही, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी वापरता येत नाही. म्युनिकहून दोन तासांत फ्यूसेन, तिथून बस, मग अर्धा-पाऊण तासाचा चढ. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण किल्ल्यात शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की तिकीट वाया. म्हणून न थांबता चढलो.

हा किल्ला लढाईसाठी नाही. दुसरा लुडविग वयाच्या अठराव्या वर्षी, 1864 मध्ये, बव्हेरियाचा राजा झाला. दोनच वर्षांत प्रशियाशी झालेल्या युद्धात हार झाली आणि त्याच्या हाती नावापुरती सत्ता उरली. मग त्याने स्वप्नातले राज्य दगडात बांधायला घेतले. 1869 मध्ये पायाभरणी झाली. त्याच्या पलंगाचे कोरीवकाम करायला चौदा कारागिरांना चार वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळी महालात नळाला पाणी होते आणि गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची सोय होती. सगळ्यात भव्य दालन म्हणजे दरबार. निळे-सोनेरी खांब, जमिनीवर प्राण्यांची आणि झाडांची रंगीत नक्षी, समोर संगमरवरी पायऱ्या. पण पायऱ्यांवर सिंहासन नाही. ते बनण्याआधीच राजा गेला. कर्जाचा डोंगर झाला होता. जून 1886 मध्ये डॉक्टरांनी, त्याला न तपासताच, वेडा ठरवले. त्याला याच किल्ल्यातून नेले आणि दुसऱ्याच दिवशी एका तळ्यात तो आणि त्याचा डॉक्टर, दोघेही मृत सापडले. राजाने लोकांच्या नजरेपासून लांब राहण्यासाठी बांधलेला महाल त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांसाठी खुला झाला. 2025 मध्ये त्याचे महाल जागतिक वारशाच्या यादीत गेले.

खाली उतरल्यावर हिरवळीच्या कडेला जानमाज अंथरून जोहर आणि असरच्या कसर नमाज अदा केल्या. किब्ला फोनवर पाहिला. एक कुटुंब जवळून जात होते, त्यांनी आपल्या लहान मुलाला गप्प केले आणि वळसा घालून गेले.

परतीच्या गाडीत आमचे भांडण झाले.

शुक्रवारचा जुमा कुठे पढायचा ते ठरलेले होते. प्रश्न शनिवारचा होता, कारण तो शेवटचा दिवस. गणिताच्या बाईंना लिंडरहोफ पाहायचे होते. तोही याच राजाचा महाल. त्याच्या बागेत घुमट-मनोऱ्यांचा, मूर शैलीतला एक छोटा मंडप आहे. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनातला हा मंडप राजाने नंतर विकत घेतला आणि आत मयूरासन ठेवले : तीन मोर, रंगीत काचेचे पिसारे. शाहजहानच्या तख्ते-ताऊसची आठवण सांगणारे! आपले तख्त तर 1739 मध्ये नादिरशहा घेऊन गेला. "खरे नाही तर नाही, त्याची सावली तरी पाहू," असे त्यांचे म्हणणे.

इतिहासाच्या बाईंना डाखाऊला जायचे होते. म्युनिकच्या अगदी जवळ असलेल्या या गावी हिटलरच्या राजवटीतली छळछावणी होती. आता तिथे स्मारक आहे.

"चार दिवसांच्या सहलीत स्मशान पाहायचे?" गणिताच्या बाई म्हणाल्या.

"तिथे आपली एक मुलगी मारली गेली आहे. नूर इनायत खान."

"मग आपली एक आहे म्हणून जायचे का? ती नसती तर?"

इतिहासाच्या बाईंना उत्तर सुचले नाही. गणिताच्या बाईंचा आवाज चढला होता. "रागावू नकोस, पण खरे सांगते. रोज फोन उघडला की आपल्या लोकांची घरे पडलेली दिसतात, मुले मेलेली दिसतात. त्यांच्यासाठी कोण रडते? आपणच जगभरच्या दुःखाचा हिशेब का ठेवायचा?"

डब्यात माणसे होती. आम्ही मराठीत बोलत होतो म्हणून कोणाला कळले नाही, पण सूर कळला असावा. म्युनिकपर्यंत दोघी खिडकीबाहेर पाहत बसलो. तीस वर्षांत शाळेच्या वेळापत्रकावरून, परीक्षेच्या पर्यवेक्षणावरून पुष्कळ वाद झाले, पण असा अबोला कधी धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुम्यासाठी पेन्झबर्गला निघालो. गाडी श्टार्नबर्गच्या तळ्याकाठून जाते. लुडविग राजा बुडाला ते हेच तळे. निळेशार, शांत. "हेच का ते?" "हो." एवढेच बोलणे झाले.

पेन्झबर्ग हे डोंगरांच्या पायथ्याचे लहानसे गाव. पूर्वी तिथे कोळशाची खाण होती, ती 1966 मध्ये बंद झाली. तिथली मशीद 2005 मध्ये बांधलेली. आपल्या डोळ्यांना सवय असलेला घुमट तिला नाही. फिकट दगडाची साधी, चौकोनी इमारत, आत भरपूर उजेड, आणि किब्ल्याच्या भिंतीला निळी काच. मिनार पोलादी आहे आणि त्यावर अजानचे शब्द कोरून आरपार कापलेले आहेत. त्या मिनारावरून अजान ऐकू येत नाही, वाचता येते. आम्ही बराच वेळ खाली उभ्या राहून एकेक शब्द लावत होतो.

नमाजला वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसे होती. खुत्ब्यातले जर्मन आम्हाला कळले नाही, पण मधूनमधून येणाऱ्या आयती ओळखीच्या होत्या. नमाज झाल्यावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी चहाला थांबवले. आमच्याच वयाच्या, मूळच्या बोस्नियाच्या. इंग्रजी सावकाश बोलत होत्या, त्यामुळे आमचे जमले. गावात पाहण्यासारखे काय, असे विचारले तर म्हणाल्या, "चला, दाखवते."

त्यांनी आम्हाला एका स्मारकापाशी नेले. 28 एप्रिल 1945. युद्ध हरल्यात जमा होते, अमेरिकन फौजा जवळ आल्या होत्या. खाण उडवून द्यायचा नाझींचा हुकूम होता. नाझींनी 1933 मध्ये हटवलेला जुना महापौर आणि त्याचे साथीदार पुढे झाले. खाण गेली तर गाव उपाशी मरेल, म्हणून त्यांनी ती वाचवली आणि गावाचा कारभार हातात घेतला. त्याच दिवशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. रात्री आणखी लोकांना पकडून फाशी दिली. एकूण सोळा जीव, त्यात बायकाही होत्या. दोनच दिवसांनी अमेरिकन सैन्य गावात आले.

"मी दर एप्रिलमध्ये इथे फुले ठेवते," त्या म्हणाल्या.

गणिताच्या बाईंनी विचारले, "ते तुमचे कोण होते?"

"मी राहते त्या गावचे होते." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "माझा भाऊ स्रेब्रेनित्साला मारला गेला."

जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बोस्नियाक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, हे इतिहासाच्या बाईंनी वर्गात शिकवले होते. त्यांतल्या एकाची बहीण समोर उभी होती, हातात आमच्यासाठी बांधून आणलेली मिठाईची पुडी घेऊन.

"जुलैमध्ये या गावातल्या शेजारणी माझ्याजवळ येऊन बसतात," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी एकच आली होती. आता पुष्कळ येतात. मी त्यांच्यासाठी येते, त्या माझ्यासाठी येतात. आधी कोण आले, ते आता आठवत नाही."

स्टेशनवर निरोप घेताना त्यांनी आम्हा दोघींना मिठी मारली. गाडी सुटल्यावर गणिताच्या बाई म्हणाल्या, "28 एप्रिल. आणि डाखाऊ कधी सुटले?"

"29 एप्रिल. दुसऱ्याच दिवशी."

"मग उद्या तिकडेच जाऊ."

म्युनिकहून डाखाऊला लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटे, पुढे बस. आत जायला पैसे लागत नाहीत. लोखंडी फाटकावर अक्षरे आहेत : 'काम माणसाला मुक्त करते.' आत शिरणाऱ्या कैद्यांची केलेली ही थट्टा. पुढे हजेरीचे मोठे मैदान. कैद्यांच्या बराकींपैकी दोन पुन्हा बांधून दाखवल्या आहेत, बाकीच्यांचे चौथरे तेवढे ओळीने पसरले आहेत. मधून रस्ता आणि दोन्ही बाजूंना उंच झाडे. वारा होता, पानांचा आवाज येत होता. दुसरा आवाज नाही.

हिटलर 30 जानेवारी 1933 ला सत्तेवर आला आणि ही छावणी 22 मार्चला सुरू झाली. दोन महिनेसुद्धा लागले नाहीत. पहिले कैदी राजकीय विरोधक होते. मग ज्यू आले, रोमा आले, पाद्री आले, देशोदेशीचे लोक आले. बारा वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसे इथे आणि इथल्या उपछावण्यांत कोंडली गेली, आणि निदान 41,500 मेली. संग्रहालयात गणिताच्या बाई एका गोष्टीपाशी थांबल्या. छावणी उघडणार असल्याची बातमी त्या वेळी म्युनिकच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. लपवलेले काहीच नव्हते.

"म्हणजे लोकांनी सकाळी कॉफी पिताना वाचले," त्या म्हणाल्या. "आणि वाटले असेल, हे आपल्याबद्दल नाही."

छावणीच्या बाहेरच्या बाजूला, झाडीत, मृतदेह जाळण्याच्या भट्ट्यांची इमारत आहे. तिथे भिंतीवर एक पाटी आहे, तीवर चार स्त्रियांची नावे. त्यांतले एक नूर इनायत खान.

नूरचे वडील हजरत इनायत खान हे सूफी बुजुर्ग आणि गायक, जन्म 1882, बडोदा. म्हणजे आपल्या गायकवाडांच्या राज्यातले. घराणे टिपू सुलतानशी नाते सांगणारे. आई अमेरिकन. नूरचा जन्म 1 जानेवारी 1914 चा, मॉस्कोतला, वाढली पॅरिसजवळ. स्वभावाने लाजरी, वीणा वाजवणारी, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. 1939 मध्ये तिने जातककथांचे पुस्तक काढले. फ्रान्स नाझींच्या ताब्यात गेल्यावर कुटुंब इंग्लंडला आले आणि नूर बिनतारी संदेश पाठवायला शिकली. जून 1943 मध्ये तिला गुपचूप फ्रान्समध्ये उतरवले. काही दिवसांतच तिच्या गटातले बहुतेक साथीदार पकडले गेले. परत ये, असे लंडनहून सांगण्यात आले; ती राहिली. यंत्र घेऊन जागा बदलत संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये कोणीतरी दगा दिला. पुढे दहा महिने तुरुंगात साखळदंडात ठेवले, पण तिने साथीदारांची नावे सांगितली नाहीत. 13 सप्टेंबर 1944 ला तिला आणि आणखी तिघींना इथे गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा ती तीस वर्षांची होती. 1949 मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

आम्ही हात उठवले. नूरसाठी फातिहा पढलो, मगफिरतची दुआ मागितली. मग हात खाली घेता येईनात. एका निरपराध जिवाच्या हत्येविषयी सूरह माइदामध्ये जी आयत आहे, ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथे ती वेगळी ऐकू आली. ज्यांचा न्याय या दुनियेत झाला नाही त्यांचा न्याय तू कर, आणि असा जुलूम पुन्हा कोणावर होऊ देऊ नकोस, कोणाहीवर, असे आम्ही मागितले.

मागे एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी होती, एका काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याचा हात धरून. आमची दुआ संपेपर्यंत ती थांबली. मग इंग्रजीत म्हणाली, "माफ करा. यांच्यातले कोणी तुमच्या नात्यातले होते का?"

"हो," गणिताच्या बाई म्हणाल्या. "चौघीही."

मुलीने ते आजोबांना जर्मनमध्ये सांगितले. तिने आम्हाला सांगितले की ती शाळेच्या सहलीत इथे आली होती आणि आज आजोबांना घेऊन आली. आजोबा जन्मभर म्युनिकला राहिले, पण इथे कधी आले नव्हते. आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडे पाहून काही बोलायचे होते त्यांना, पण नुसती मान हलवली. जाताना म्हणाले, "ग्रुस गॉट." आम्ही म्हणालो, "वालेकुम अस्सलाम." तोंडातून तेच निघाले.

बसची वाट पाहताना पेन्झबर्गच्या मिठाईची पुडी उघडली आणि दोघींनी वाटून खाल्ली. अबोला कधी सुटला ते नक्की सांगता येणार नाही.

परतल्यावर नातेवाईक फोटो मागतात. किल्ल्याचा फोटो सगळ्यांना आवडतो. मयूरासन पाहिले का, असे ज्यांना आधी मोठ्या उत्साहाने सांगून ठेवले होते ते विचारतात. राहून गेले, असे सांगतो. मोहल्ल्यातल्या मुली संध्याकाळी शिकायला येतात, त्यांना मात्र किल्ल्याआधी नूरची गोष्ट सांगितली. आणि पेन्झबर्गच्या सोळा जणांची, आणि त्या बोस्नियन बाईंची.

सगळ्यात धाकटीने विचारले, "नूरला भीती वाटली नसेल का?"

"वाटली असेल," गणिताच्या बाई म्हणाल्या. "खूप वाटली असेल."

"मग ती परत का नाही आली?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. "तू काय म्हणतेस?" इतिहासाच्या बाईंनी तिलाच विचारले. ती बराच वेळ विचार करत बसली. उत्तर अजून दिलेले नाही. आम्हीही घाई केलेली नाही.